सुईची गाठ

१

चामटोलीच्या अंगणवाडीला कुलूप लागलं होतं, आणि ते सरकारी नव्हतं. गुरं बांधायची साखळी दाराच्या कड्यांतून ओवून कुणीतरी तिला मोटरसायकलचं कुलूप ठोकलं होतं. लस ठेवायची निळी पेटी समोरच्या गटारात उलटी पडलेली. भिंतीला टेकवलेल्या पुठ्ठ्यावर लाल रंगात लिहिलं होतं, 'आमची पोरं कुत्री नाहीत.'

डॉक्टर विनिता म्हात्रेंनी गाडीतून उतरून आधी तो पुठ्ठा वाचला, मग पेटी उचलून पायरीवर ठेवली. लस दिल्यानंतर एखाद्या मुलाला काही झालं, तर ते लसीने झालं की आणखी कशाने, हे शोधणाऱ्या जिल्ह्याच्या समितीवर त्या होत्या. अंबरनाथला लहान मुलांचा दवाखाना, चिखलोलीच्या नव्या इमारतीत घर, आणि जीभ अशी की त्यांचा कंपाउंडरसुद्धा जपून तोंड उघडायचा. मूल आजारी असलं की मात्र त्याच जिभेला आपोआप लगाम बसायचा.

प्रकरण गेल्या आठवड्यातलं. नर्स सोनियाने या अंगणवाडीत तान्ह्या मुलांना लस दिली, त्यात शिवराम भोईरांची साडेतीन महिन्यांची नात राजसी होती. त्याच सकाळी समोरच्या चिंचेखाली उल्हासनगरच्या एका मंडळाने गावातल्या कुत्र्यांना रेबीजची लस टोचली, त्यात भोईरांची तांबडी कुत्री लाली होती. दोन दिवसांनी संध्याकाळी राजसीचे डोळे फिरले, हातपाय ताठ झाले. तिला अंबरनाथच्या रुग्णालयात नेलं, आणि दुसऱ्या दिवशी अंगणात लाली आडवी पडून पाय झाडू लागली. गावाने दोन्हींची बेरीज करायला वेळ लावला नाही. कुत्र्याची सुई पोरीला मारली, असं ठरलं.

"बाय, पोरीला बी सुई, कुत्रीला बी सुई," शिवराम भोईर पुढे येऊन म्हणाले. उंच, वाळलेले, पांढरी टोपी. गावात त्यांचा शब्द मोडायची पद्धत नव्हती. "दोघी बी आचके देतान. आता आजून काय शोधाचा हाय?"

"ते बघायलाच आलेय, काका."

"बग. पन या गावान आता येका बी पोराला सुई टोचाची नाय. आनि त्या नर्सला मी सोडाचा नाय."

त्यांचा राग खरा होता, आणि त्याच्या तळाशी भीती होती. नात गेली तर या म्हाताऱ्याच्या जगण्याला काही अर्थ उरणार नाही, हे न सांगता दिसत होतं. विनिताबाई वळल्या, तेव्हा गर्दीतून एक बाई म्हणाली, "डॉक्टरीणबाई, त्या नर्सनं पेटी उगरून कुत्रेवाल्याला कायतरी दिला. आमी डोल्यांनी पाहिलाय."

२

सोनिया बदलापूरला आरोग्य केंद्रामागच्या खोलीत बसून होती. बारवीकडच्या डोंगरातल्या वाडीतून शिकून आलेली पहिली नर्स. चामटोलीने तिला तीन वर्षं 'सिस्टर' म्हटलं होतं. आठवड्याभरात ती पुन्हा 'वाडीवरची पोर' झाली होती, आणि ते तिला लागलं होतं.

"पेटीतून त्या माणसाला काय दिलंस?"

"काही नाही, मॅडम."

विनिताबाई तिच्याकडे बघत राहिल्या. ती नजर फार वेळ कुणाला सोसत नाही, हा त्यांचा जुना अनुभव होता. सोनियालाही ती सोसली नाही.

"बर्फाची पिशवी," ती म्हणाली. "कुत्र्यांना टोचणाऱ्या धर्मेशभाऊंच्या पेटीतला बर्फ वितळला होता. कुत्र्यांच्या लशी वाया गेल्या असत्या. नियमात बसत नाही, मला माहितीये. पण बाटली नाही दिली, मॅडम, आणि घेतली पण नाही."

"मग खोटं का बोललीस?"

"मी बर्फ बोलले असते तरी लोकांनी बाटलीच ऐकली असती."

विनिताबाईंनी विषय बदलला. "टोचल्यावर मुलांना बसवून ठेवलंस?"

"अर्धा तास. राजसी दूध पिऊन झोपली होती. अंगावर पुरळ नाही, श्वासाला त्रास नाही. त्याच बाटलीतून गावातल्या जिज्ञासाताईच्या मुलाला दिली, आणखी पोरांना दिली. सगळी ठीक आहेत, मी घरोघर फोन केला."

"घरच्यांना काय सांगून पाठवलंस?"

"नेहमीचंच. ताप येईल, एक-दोन दिवस किरकिर करेल, ताप आला तर हे औषध. मांडीवर गाठ येईल, ती आपोआप जाते, चोळू नका, काही लावू नका."

"हे कुणाला सांगितलंस?"

"आयांना. आयाच येतात ना मुलांना घेऊन."

विनिताबाईंनी मान डोलावली. सोनियाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज सरळ राहिला. "माझी नोकरी गेली तर मी वाडीत परत जाईन, मॅडम. पण त्या गावात यापुढे कुणी सुई घेणार नाही. गोवर आला तर? तेव्हा कुणाला पकडणार?"

विनिताबाईंचा फोन वाजला. रुग्णालयातून होता. राजसीला बरं वाटलं म्हणून काल अतिदक्षता विभागातून साध्या वॉर्डात आणलं होतं, आणि काल संध्याकाळी तिला पुन्हा आकडी आली होती. ताप नव्हता.

३

भोईरांचं घर गावाच्या कडेला होतं. नवरात्र चालू होतं, देवघरात घट बसलेले, ओटीपर्यंत धूप, फुलं आणि आरतीचा वास कोंदला होता. राजसीची आई तुळशी रुग्णालयातच राहत होती. घरी शिवरामकाका आणि राजसीचा बाप कल्पेश. तो अंबरनाथच्या एका कारखान्यात कामाला, आठवडाभर खाडे करून दाढी वाढलेला.

विनिताबाईंनी सुईचं नावच काढलं नाही. "शेतात फवारणी केली होती?"

"महिना झाला असेल. पोर तर घरात असते, मॅडम."

"उंदरांचं औषध? कुत्र्याला गोचिडांचं औषध?"

कल्पेश बापाकडे चोरून पाहत म्हणाला, "गोचिडाचं आणलं होतं. लाली पाळण्याखालीच झोपते. तेव्हापासून माझ्या मनात तेच फिरतंय."

"कधी आणलंस?"

"लालीला आचके आल्यावर. कुणीतरी बोललं गोचिडीने होतं."

"म्हणजे राजसीला आकडी आल्यानंतर. मग ते नाही. ते डोक्यातून काढून टाक." कल्पेशने तोंडावरून हात फिरवला. आठवडाभर मनात दाबून ठेवलेलं ओझं उतरल्यावर माणूस थकतो, तसा तो खांबाला टेकून बसला.

लाली ओटीवर पसरली होती. पहिल्यांदा आचके आल्यावर 'तूच टोचलीस, तूच बघ' म्हणत कल्पेशने तिला उल्हासनगरला धर्मेशकडे नेऊन टाकलं होतं. तिथे ती चांगली झाली, म्हणून कालच परत आणली. विनिताबाईंनी तिच्या मागच्या मांडीवरून हात फिरवला. टोचलेल्या जागी सुपारीएवढी गाठ होती.

"हिची बी गाठ उतरत नाय," शिवरामकाका म्हणाले आणि कुत्रीचं डोकं मांडीवर घेतलं. "पोरीची बी नाय. तशीच टनक हाय."

"राजसीला आजारी पडायच्या आधी घरचं कुठलं औषध दिलं होतं? काढा, मात्रा, गुटी?"

"दवाखान्यावाल्यांनी बी हाच इचारला. सुईवालीनं दिलेला तापाचा औषध, तेवराच. दुसरा औषध म्हनून तिचे पोटान काय गेला नाय. देवीची शपथ घेतो."

त्यांनी घटाकडे हात केला. विनिताबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. हा माणूस खोटं बोलत नव्हता, याविषयी त्यांना तिळमात्र शंका नव्हती. आणि तीच पंचाईत होती, कारण या घरात कुठेतरी काहीतरी होतं, याविषयीही त्यांना शंका उरली नव्हती.

४

त्या संध्याकाळी विनिताबाई रुग्णालयात जाऊन बसल्या. राजसी कॉटवर झोपली होती, हाताला सलाइनची पट्टी. मांडीवरची गाठ त्यांनी बोटाने दाबून पाहिली. लाल नव्हती, गरम नव्हती. लस दिलेल्या कितीतरी मुलांना येते तशीच साधी गाठ.

"लस दिली त्या रात्री ताप होता," तुळशीने सांगितलं. बोलणं हळू, डोळे पोरीवरून हलत नव्हते. "सकाळी उतरला. मग परत नाय आला. आकडी आली तेव्हा अंग गार होतं, मॅडम."

"आत अतिदक्षतेत होती तेव्हा?"

"तिथे कायच नाय झालं. तिथे आमाला आत सोडत नव्हते. काचेतून बघायचो."

वॉर्डची मुख्य सिस्टर स्वप्नाली औषधाची सुई भरत होती. ती वैतागून म्हणाली, "इथे आल्यावर बघा, मॅडम. भेटायची वेळ झाली की कुणी प्रसाद आणतं, कुणी अंगारा लावतं. नवरात्र आहे, कुणाकुणाला अडवणार? संध्याकाळी वॉर्डात देवळात आल्यासारखं वाटतं."

अंगारा. विनिताबाईंनी राजसीच्या कपाळावरचा राखाडी ठिपका पाहिला आणि मनात नोंद केली. चिमूटभर राखेने आकडी येत नाही, पण ती राख कशाची, ते पाहायला हवं होतं.

भेटीच्या वेळेला शिवरामकाका प्रसादाची पिशवी घेऊन आले. "तू जेवून ये गो," ते सुनेला म्हणाले, "मी बसतो पोरीपाशी." तुळशी डबा घेऊन खाली गेली. विनिताबाई वॉर्डच्या डॉक्टरांबरोबर केबिनमध्ये रक्ताचे अहवाल पाहायला बसल्या. साखर ठीक, मीठ ठीक, मेंदूज्वराचं एकही चिन्ह नाही. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली, काका जाताना केबिनच्या दारातून हात जोडून गेले. त्यानंतर थोड्याच वेळात तुळशीची हाक आली.

ही आकडी आधीच्यांपेक्षा मोठी होती. इंजेक्शन दिल्यावर हातपाय सैल पडले, पण श्वास लगेच येईना. स्वप्नाली श्वास द्यायचा फुगा दाबत राहिली, वॉर्डातल्या बाकीच्या आया भिंतीला चिकटून उभ्या. अखेर छाती हलली. वॉर्डचे डॉक्टर विनिताबाईंना बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, पुन्हा असं झालं तर श्वास परत येईलच, असं मी सांगू शकत नाही." राजसीला पुन्हा अतिदक्षतेत हलवलं.

तेवढ्यात जिन्यावरून आरडाओरडा ऐकू आला. कल्पेशने कुणाला तरी दंडाला धरून वर ओढत आणलं होतं. चेहऱ्यावर ओढणी गुंडाळलेली. त्याने ती हिसकली. ती सोनिया होती.

५

"ही मागच्या जिन्यावर लपली होती," कल्पेश म्हणाला. "काल पण होती. वॉचमनने बघितली. हिला पोलिसात देतो मी."

"मी फक्त तिला बघायला आले होते," सोनिया म्हणाली. "समोरून आले असते तर मारलं असतं तुम्ही."

"आत आली होतीस?" विनिताबाईंनी विचारलं.

"दारापर्यंतच. काका बसले होते, म्हणून परत फिरले."

विनिताबाईंनी तिचा दंड कल्पेशच्या हातातून सोडवला. "उद्या संध्याकाळपर्यंत थांब," त्या कल्पेशला म्हणाल्या. "त्यानंतर तुला हवं तिथे जा, मी अडवणार नाही. आणि डॉक्टर, आत कुणालाही सोडू नका. आई नाही, बाप नाही, देवाचा प्रसाद नाही."

रात्रभर त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली. पोरगी काचेच्या आत असली की बरी. वॉर्डात आली की वाईट. सोनिया दोन्ही संध्याकाळी तिथे होती. पण सोनिया लालीपाशी कधी गेली होती?

सकाळी धर्मेशचा फोन आला. "मॅडम, तुम्ही बोललेलात ना, कुत्रीला काही झालं तर कळव. कल्पेशच्या चुलतभावाने आत्ता आणून टाकली. परत सेम लफडा."

धर्मेश पाटीलचं गॅरेज उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये होतं. मागच्या शेडमध्ये तो आजारी कुत्री सांभाळायचा, म्हणून पुढे गिऱ्हाइकांपेक्षा कुत्र्यांचीच ये-जा जास्त. लाली गोणपाटावर पडली होती, अंग अजून थरथरत होतं.

"लसीचं असतं ना, मॅडम, तर मला कळलं असतं," धर्मेश म्हणाला. "किती कुत्र्यांना टोचतो मी. कुणाचं तोंड सुजतं, कुणी उलट्या करतं, कुणी दिवसभर लोळत पडतं. जे काय व्हायचं ते त्याच दिवशी. हे दोन-दोन दिवसांनी आचके, मधे एकदम फर्स्ट क्लास, हे मी नाय बघितलं."

"मागच्या वेळी तू काय औषध दिलंस?"

"डॉक्टरने एक इंजेक्शन दिलं. बाकी मी आंघोळ घातली. लय चिकट होती ना. मांडीवरचे केस सगळे तेलकट. मला वाटलं कुठल्या गॅरेजात लोळली. ती पण सारखी तिथेच चाटत होती."

विनिताबाई उकिडव्या बसल्या. लालीच्या मागच्या मांडीवरचे केस आजही चपचपीत होते, गाठीभोवती चाटून चाटून रेघा पडलेल्या. त्यांनी पर्समधला रुमाल काढला, तिथून पुसला आणि नाकाशी नेला. हा वास त्यांनी आठवडाभर श्वासागणिक घेतला होता. घरी, दवाखान्यात, चामटोलीच्या ओटीवर, वॉर्डात. म्हणूनच तो त्यांना आला नव्हता.

"हिला साबणाने घास, पुन्हा चाटू देऊ नकोस," त्या उठत म्हणाल्या. "तुझ्या माणसाला सांग ते. तू गाडी काढ."

६

चामटोलीत भोईरांच्या अंगणात माणसं जमली होती. विनिताबाईंनी सगळ्यांना चिंचेखाली जाऊन थांबायला सांगितलं. ओटीवर फक्त शिवरामकाका, कल्पेश आणि त्या.

"काका, लालीच्या गाठीला काय लावता?"

आठवड्यात पहिल्यांदाच म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर थोडा उजेड आला. चौकशी करायला आलेल्या माणसाने एकदा तरी त्यांना येणारं काही विचारलं होतं. "कापराचा तेल. माझे आयेचा हाय ता. खोबऱ्याचे तेलान कापूर. कसली बी गाठ जिरते."

"दाखवा कसं लावता ते."

काकांनी देवघरातून बाटली आणली, जराही न लपवता. तळहातावर तेल घेतलं, दोन्ही हात घासून ऊन केले आणि स्वतःच्याच गुडघ्यावर गोल गोल चोळून दाखवलं. अवजड, भेगाळलेले हात, पण फिरत होते किती हळुवार. "आदी गाठ. मंग छाती. मंग पायाचे तलवे, हाताचे तलवे. हाताला चोलला का पोर गपगार झोपते."

"आणि झोप लागेपर्यंत राजसी काय करते?"

"ती काय, मूठ चोखते..."

काकांचे हात गुडघ्यावर थांबले. पूर्ण कळलं नव्हतं, पण काहीतरी येतंय हे कळलं होतं.

"कापूर किती घातला होता?"

"पयले येक वडी. गाठ उतरंना, मंग वारवत गेलो. आता मूठभर आसंल. चांगला भीमसेनी हाय, बाय. देवाचा. खातात बी तो."

विनिताबाईंनी आवाज खाली आणला. "काका, लसीने कधीच काही होत नाही, असं मी म्हणणार नाही. होतं. कुणाला त्या अर्ध्या तासातच श्वासाचा त्रास होतो, म्हणून सोनिया बसवून ठेवते. ताप येतो, तापाबरोबर क्वचित आकडीही येते. राजसीला ताप आला तो लसीचा. गाठ आली ती लसीची. लालीची गाठही लसीचीच. पण तिथे लस संपली. आकडी आली तेव्हा ताप नव्हता. आणि त्याच बाटल्यांतल्या लशी घेतलेली बाकीची पोरं आणि बाकीची कुत्री मजेत आहेत.

"मग या दोघींनाच काय झालं? लाली धर्मेशकडे गेली, बरी झाली. घरी आली, पडली. राजसी काचेच्या आत गेली, बरी झाली. वॉर्डात आली, पडली. दोघी घरापासून लांब गेल्या की सुधारतात. पण वॉर्ड म्हणजे काही घर नाही, तिथे मी अडले होते. घरातून वॉर्डात काय जातं? सोनिया गेली असेल, पण सोनिया लालीला शिवलीसुद्धा नव्हती. दोघींनाही हात लावणारं, दोघींच्या गाठीची काळजी करणारं, दोन्ही संध्याकाळी पिशवी घेऊन पोरीपाशी बसलेलं माणूस एकच आहे."

कल्पेशने बापाकडे पाहिलं. बाप गुडघ्याकडे पाहत होता.

"कापूर देवापुढे जळतो, तेव्हा काही करत नाही," विनिताबाई म्हणाल्या. "पोटात गेला की लहान जिवाला आकडी आणतो. कातडीतूनही थोडा आत जातो. राजसी तिची मूठ चोखत होती, लाली तिची मांडी चाटत होती. आकडी आली की तुम्हाला वाटायचं सुईचं विष अजून उतरलं नाही. मग तुम्ही आणखी कापूर घालायचात."

"दवाखान्यात विचारलं होतं," कल्पेश ओरडला आणि उठला. "सगळ्यांनी विचारलं होतं, काय दिलं, काय दिलं..."

"औषध काय दिलं, असं विचारलं होतं. मीसुद्धा तेच विचारलं. कल्पेश, खाली बस. तेलाला आपल्यात कोण औषध म्हणतं? तुझ्या आईने तुला लावलं, माझ्या आईने मला. तुळशीला वास आला असेल, तिलाही त्यात काही वेगळं वाटलं नसेल. नवरात्रात सगळ्या अंबरनाथला कापराचा वास येतोय. काका खोटं बोलले नाहीत."

शिवरामकाकांनी धोतराच्या सोग्याला हात पुसले. पुन्हा पुसले. "मंजे मी," एवढंच त्यांच्या तोंडून आलं. मग ते म्हणाले, "काल तिचा श्वास गेलता म्हनं. मी घरी येऊन आरती केली, बाय. त्या टायमाला."

उत्तर शोधून काढल्याचं समाधान विनिताबाईंना नेहमी मिळायचं. आज त्याचा लवलेश नव्हता.

"घरातल्या तेलाने झालं, एवढंच मी गावाला सांगेन," त्या म्हणाल्या. "कुणाच्या हाताने, ते सांगायची गरज नाही."

काका उठले. बाटली घेतली आणि अंगणातून सरळ चिंचेकडे चालू लागले.

७

गावासमोर ते काय बोलले, ते विनिताबाईंनी लांबून ऐकलं. फार नव्हतं. "सुईचा काय बी नव्हता. माझे हातानं जाला. त्या पोरीला नावं ठेवू नका." मग त्यांनी कुणाचं जनावर येणार नाही अशा जागी तेल बांधावर ओतलं आणि वर माती ओढली. गर्दी पांगली. अंगणवाडीच्या दारावरची साखळी संध्याकाळपर्यंत निघाली होती.

राजसीला पुन्हा आकडी आली नाही. घरी सोडायच्या दिवशी विनिताबाईंनी मुद्दाम सोनियाला बोलावलं, पुढच्या जिन्याने. शिवरामकाका वॉर्डच्या दाराबाहेर उभे होते. आत यायचं नाव घेत नव्हते. त्या सगळ्या दिवसांत तुळशी त्यांच्याशी एक शब्दही बोलली नव्हती, आणि तिला बोल लावायची कुणाची छाती नव्हती.

"पोरी, मी तुजा नाव खराब केला," ते सोनियाला म्हणाले.

जाऊ द्या, असं सोनिया म्हणाली नाही. "केलंत," ती म्हणाली. "मला अजून झोप लागत नाही, काका. पण पुढच्या वेळेपासून मी आयांबरोबर आजी-आजोबांनाही बोलावणार आहे. सांगायचं ते सगळ्यांना सांगणार. तुम्ही याल?"

"येन."

"नुसतं येऊ नका. बोला पण."

त्यांनी मान हलवली. आतून तुळशी राजसीला घेऊन आली. दोन्ही खांद्यांवर पिशव्या, कल्पेश खाली कागदपत्रांच्या रांगेत. राजसीने आजोबांना पाहिलं आणि ओळखीचं हसत हातपाय हलवले. म्हातारा भिंतीपर्यंत मागे सरकला, दोन्ही हात पाठीमागे नेले.

"नको," ते म्हणाले. "माझे हातानं नको. डॉक्टरीणबाई, आता मी हिला हात लावाचा का नाय, ता तुमीच सांगा."

विनिताबाई बोलणार होत्या. कापूर अंगातून केव्हाच गेला, वगैरे. पण प्रश्न त्यांना विचारलेला असला तरी उत्तर त्यांचं नव्हतं, म्हणून त्यांनी तुळशीकडे पाहिलं. तुळशीने सासऱ्याकडे पाहिलं, त्या पाठीमागे लपवलेल्या हातांकडे पाहिलं. तिचा चेहरा काही मवाळ झाला नाही. पोरगी मात्र तिच्या हातांतून त्यांच्याकडे बघून हसतच होती.

"बाबा," तुळशी म्हणाली, "हात धुऊन या."

वॉर्डच्या टोकाला बेसिन होतं. काकांनी बाह्या वर केल्या, साबण लावला, कोपरापर्यंत घासला, धुतला, पुन्हा लावला. नखं घासली, बोटांच्या बेचक्या घासल्या. स्वप्नाली काही बोलायला गेली, तिला विनिताबाईंनी हाताने थांबवलं. खाली गाडी उभी होती, कल्पेश दोनदा हाका मारून गेला. नळ बंद होईपर्यंत तुळशी पोरीला घेऊन दारातच उभी राहिली.